डिझेल पिकअप आता घ्यावी का? प्रदूषणाचे नियम बदलत असताना कसं ठरवायचं

पाणकळा

नमस्कार मंडळी. पंप बसवणं आणि दुरुस्त करणं हा आमचा घरचा धंदा. आमची जुनी डिझेल पिकअप आता थकली आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण चॅसिसला गंज चढलाय आणि एकदा वेल्डिंग केलेली जागा पुन्हा सोडायला लागली आहे. त्यामुळे दुसरी गाडी घ्यावी लागणार हे नक्की.

आजवर डिझेलशिवाय दुसरा विचार कधी मनात आला नव्हता. हौद्यात पाईप, केबलची रिळं, मोटारी, कधी मागे ट्रेलरवर कॉम्प्रेसर. ओढायला डिझेलच हवं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण आता जो भेटतो तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं, पुढचे नियम आले की आज घेतलेली गाडी रस्त्यावर आणू देणार नाहीत. कुणी म्हणतं, नियम ढिले होतायत, जरा थांब. आणि गॅरेजवाले म्हणतात, नव्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आणि धूर शुद्ध करायला लागणारा युरिया यांच्यापायी माणूस जेरीस येतो, त्यापेक्षा फिल्टर नसलेली जुनी शोध.

गाडी आठ-दहा वर्षं तरी वापरायची आहे. इथले सभासद वेगवेगळ्या देशांत राहतात, म्हणून मुद्दाम माझं ठिकाण लिहीत नाही. नियमांमागचं तत्त्व कळलं तर मी माझ्यापुरतं लावून बघेन.

---

कलमदान

"नियम येतायत" या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गुंतवळ झालेली असते. आधी ती सोडवू.

एक, विक्रीचे नियम. अमुक तारखेनंतर कंपनीने कशी गाडी बनवायची आणि विकायची ते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या मर्यादांचं मानक आलं, मधलं बीएस-५ वगळून थेट. त्याचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून. त्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेपुरता न मोजता प्रत्यक्ष रस्त्यावर चालवूनही मोजतात. युरोपात तसल्याच युरो-७ मानकाचं नियमन २०२४ मध्ये मंजूर झालं. कार आणि हलक्या व्यापारी गाड्यांच्या नव्या मॉडेलना ते २९ नोव्हेंबर २०२६ पासून लागू, आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना त्यानंतर एक वर्षाने. हे नियम तुमच्या दारात आधीच उभ्या असलेल्या गाडीला हात लावत नाहीत.

दोन, वापराचे नियम. कोणती गाडी कुठे चालवता येईल ते. तुमची भीती खरी ठरवू शकतात ते हे. लंडनचा अतिकमी-प्रदूषण विभाग २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या भागांत पसरला. तिथे डिझेल गाडी युरो-६ ची नसेल तर रोजचं शुल्क भरावं लागतं. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मग १२ ऑगस्ट २०२५ ला त्याच न्यायालयाने निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई नको असा आदेश दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यावरच्या गाड्यांपुरतं ठेवलं.

तीन, तपासणी. पीयूसी, फिटनेस, वार्षिक चाचणी, जिथे जे असेल ते. तिचा रोख गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी अजून आहे का, यावर वाढत चाललाय.

दुसऱ्या प्रकारातली दिशा नीट बघा. लंडनमध्ये आधीपासून मानक बघतात. दिल्लीत सुरुवात वयापासून झाली आणि गाडी येऊन थांबली मानकावर. म्हणून माझं स्पष्ट मत: वापराच्या नियमांची धास्ती असेल तर आज मिळतंय त्यातलं सर्वांत वरचं मानक घ्या. "जुन्या मानकाची शेवटची गाडी सवलतीत मिळतेय" याला भुलू नका. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ ची विक्री बंद केली, तेव्हा उरलेल्या दोन-तीन दिवसांत मोठ्या सवलतींमुळे शोरूमसमोर झुंबड उडाली होती. दिल्लीच्या ताज्या आदेशात संरक्षणाबाहेर राहिल्या त्या नेमक्या बीएस-३ आणि त्याखालच्या गाड्या.

---

लांबपल्ला

नियमांचं कलमदान यांनी सांगितलं, मी वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतो. माझी युरिया-वाली डिझेल पिकअप आहे. ट्रेलर लावून सलग कित्येक तास हायवेवर असतो. फिल्टरने एकदाही अडवलेलं नाही. चढावर भरल्या ट्रेलरसकट ती ज्या ताकदीने निघते ते मी पेट्रोलमध्ये अनुभवलेलं नाही. डिझेलला नावं ठेवणाऱ्यांना मी एकच विचारतो, तुम्ही ती चालवता कशी?

---

इंजिनघर

लांबपल्ला यांनी शेवटी विचारलं, तोच या धाग्याचा खरा प्रश्न आहे. पाणकळा, तुम्ही काय वाहता ते लिहिलंत. इंजिन एका वेळी किती वेळ आणि किती तापून चालतं ते लिहिलं नाहीत. सगळं त्यावर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हे विकणारा सहसा सांगत नाही.

डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन जळतं. त्यामुळे इंधन कमी लागतं, पण धुरात प्राणवायू शिल्लक राहतो, आणि त्यामुळे पेट्रोल गाडीतला धूर शुद्ध करणारा साधा कॅटॅलिस्ट डिझेलमधले नायट्रोजन ऑक्साइड मोडू शकत नाही. म्हणून डिझेलमागे वेगवेगळी यंत्रं लावावी लागतात. ईजीआर जळलेला धूर थोडा परत आत सोडतो. ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड घटतात, पण काजळी वाढते. ती काजळी डीपीएफ, म्हणजे आपण ज्याला फिल्टर म्हणतो तो, अडवतो. उरलेले नायट्रोजन ऑक्साइड एससीआर मोडतो: युरियाच्या द्रावणातून अमोनिया सुटतो आणि शेवटी नायट्रोजन आणि पाणी उरतं.

यातल्या डीपीएफ आणि एससीआर दोघांनाही उष्णता लागते. एससीआर नीट चालायला धूर साधारण २०० अंशांच्या वर हवा. फिल्टरमधली काजळी हायवेवर २५० ते ४०० अंशांच्या धुरात आपोआप हळूहळू जळत राहते. तेवढी उष्णता मिळाली नाही तर गाडी स्वतःहून जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेते. यालाच आपण रीजन म्हणतो. त्याला सलग वेळ लागतो. मध्येच चावी फिरवली की काम अर्धवट. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो, आणि ज्या गाड्यांत ते जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात तिथे त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवणं. आयडलला डिझेलमध्ये इंधन अगदी कमी आणि हवा भरपूर, त्यामुळे धूर थंड असतो. काजळी जमत राहते, जळत काहीच नाही. माझ्याकडे तुंबलेल्या फिल्टरच्या ज्या गाड्या येतात त्या ओझ्याने दमलेल्या नसतात. जवळच्या फेऱ्या आणि उभ्याने घुरघुरणं, यांनी त्यांची ती गत झालेली असते.

तर आता सांगा, तुमचा दिवस कसा जातो?

---

पाणकळा

हे मला कुणीच असं समजावलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेचसे कॉल जवळपासचे असतात. गाडी थांबते, सामान उतरतं, पुन्हा पुढे. आणि जागेवर वीज नसली की इन्व्हर्टरसाठी इंजिन चालू ठेवतो, कधी तासभर, कधी जास्त. कॉम्प्रेसरचा ट्रेलर हंगामात लागतो, तेव्हा मात्र लांब जावं लागतं.

---

चारचाक

मग सरळ फिल्टर नसलेली जुनी घ्या. किंवा नवी घेऊन डीपीएफ आणि ईजीआर काढून सॉफ्टवेअर बदलून घ्या. आमच्याकडे बरेच जण करतात. ॲव्हरेज वाढतं, रीजनची कटकट नाही, युरिया नाही. कामाच्या गाडीने काम करावं, तिने आपल्याला कामाला लावू नये.

---

मोकळाश्वास

चारचाक, तुमचा त्रास खरा आहे, पण या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. माझ्या मुलीला दमा आहे. पुढच्या गाडीतून काळा लोट आला की आम्ही काचा वर करतो, आणि पायी चालणाऱ्याला तेवढंही करता येत नाही.

डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केलं, पहिल्या गटात. त्या गटात ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर आहेत. आणि "एका गाडीने काय होतंय" याचं उत्तरही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला: दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली ही यंत्रं काढून टाकली गेली, आणि त्यांच्यामुळे झालेलं जादा प्रदूषण रस्त्यावर यंत्रं शाबूत असलेल्या आणखी ९० लाख पिकअप आणल्याइतकं होतं. फिल्टर काढलेली एक गाडी किती गाड्यांचा धूर सोडते ते यावरून बघा.

आणि हा धूर सर्वांत जास्त घेणारा माणूस गाडीच्या मागे उभा राहून पाईप उतरवणाराच असतो.

---

कलमदान

मोकळाश्वास यांना पूर्ण अनुमोदन. भर एवढीच: हे भारतात, युरोपात आणि अमेरिकेत बेकायदा आहे. नंतर तपासणीत गाडी अडकली तर सुटे भाग पुन्हा विकत घेऊन बसवावे लागतात, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच. ज्याला गाडी दहा वर्षं ठेवायची आहे त्याने ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

बंधनं किती घट्ट झाली तेही बघा. हलक्या व्यापारी गाड्यांच्या सर्वांत जड वर्गात बीएस-४ ला किलोमीटरमागे ३९० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते, बीएस-६ ला १२५. कणांची मर्यादा ६० मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. ही उडी फिल्टरशिवाय शक्यच नव्हती. आणि त्यासाठी आधी डिझेलमधलं गंधक ५० भागांवरून १० भागांवर, दर दहा लाखांत, आणावं लागलं.

---

इंजिनघर

काढून टाकण्याबद्दल गॅरेजमधला माणूस म्हणून दोन शब्द. डीपीएफ, ईजीआर, टर्बो आणि इंजेक्टर यांचं गणित कंपनीने एकत्र बसवलेलं असतं. सॉफ्टवेअर बदलणारा त्यातलं एक टोक सोडतो आणि बाकीची टोकं डोळे झाकून पुढे ढकलतो. अशी गाडी बिघडून माझ्याकडे आली की कुठल्या सेन्सरवर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही.

जुनी वापरलेली डिझेल बघणार असाल तर एक सोपी खूण: सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर जागेवर आणि धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंभोर निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा आतून रिकामा केलाय. शिवाय स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण, शेवटचं रीजन कधी झालं, आणि जिथे दिसत असेल तिथे आयडलचे तास बघा. दोन गाड्यांचे किलोमीटर सारखे असतील, पण एकीचे निम्मे तास उभ्याने गेले असतील तर तिच्यापासून लांब राहा. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधून येते आणि साठतच जाते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचंच ऑइल लागतं, आणि ते टाकलं होतं का हे सर्व्हिसच्या बिलांवरून समजतं.

---

लांबपल्ला

युरियाबद्दल बरीच भीती पसरलेली दिसते, म्हणून लिहितो. ते द्रावण ठरलेल्या प्रमाणाचं असतं, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया पाण्यात कालवून कधीच टाकू नका. त्यातल्या अशुद्ध घटकांनी एससीआर कायमचा बाद होतो. उन्हात कॅन ठेवू नका. २५ अंशांत ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहा महिनेच. उणे ११ अंशांना गोठतं, पण गाडीतच गरम करायची सोय असते. डिझेलच्या मानाने खर्च थोडा, साधारण शेकडा दोन ते पाच लिटर. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, एवढी सवय लावली की पुरे.

---

चारचाक

पण ऐन कामात युरिया संपला किंवा सेन्सर बिघडला की गाडी रांगायला लागते, त्याचं काय? अमेरिकेने तर तो नियमच काढला म्हणे. तसंच इतरत्रही होईल. म्हणून मी म्हणतोय थांबा.

---

कलमदान

ही बातमी अर्धवट फिरतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपन्यांना सांगितलं की चालू गाड्यांचं सॉफ्टवेअर असं बदला की युरिया संपल्यावर ताकद एकदम तुटणार नाही, चालकाला आधी पुरेसा वेळ मिळेल. २०२७ च्या मॉडेलपासून नव्या डिझेल ट्रकमध्ये हे मुळातच असावं लागेल. ही सुधारणा चांगली आहे, शेतकरी आणि ट्रकवाले वर्षानुवर्षं ती मागत होते. पण युरिया रद्द झालेला नाही, फिल्टर रद्द झालेला नाही. शिक्षा सौम्य झाली, नियम जागेवर आहे.

ढिलाईच्या आशेवर थांबण्यात आणखी एक अडचण आहे. कंपन्या एका सरकारच्या मुदतीपुरतं इंजिन बनवत नाहीत. एक इंजिन अनेक देशांत, अनेक वर्षं विकायचं असतं. पडताळणीचा खर्च वाढला की छोटी डिझेल इंजिनं आधी गळतात. अमेरिकेतच बघा, फोर्डने एफ-१५० या हलक्या पिकअपमधलं डिझेल २०२१ नंतर बंद केलं, रॅम १५०० मधलं २०२३ मध्ये थांबलं. जड पिकअपमध्ये डिझेल टिकून आहे, कारण तिथे ओझं खरंच आहे. पाणकळा यांनी घेताना हेही बघावं: ते इंजिन आणखी कोणकोणत्या गाड्यांत बसतं, आणि चालू राहणार आहे का. सुटे भाग त्यावर ठरतात.

---

सावली

पहिल्यांदाच लिहितेय, वाचत सुरुवातीपासून होते. मी रोपवाटिका चालवते, माती, कुंड्या, झाडं पोचवते, सगळं जवळच्या अंतरात. गाडी घेताना मीही याच पेचात होते आणि पेट्रोल पिकअप घेतली. इंधन जास्त जातं, ते खरंच आहे. पण सकाळी थंड इंजिनावर चार वळणं गेले, थांबले, पुन्हा निघाले, असं दिवसभर केलं तरी गाडीला काही वाटत नाही. काम कधी थांबलेलं नाही, आणि माझ्यासाठी तो हिशेब इंधनाच्या हिशेबापेक्षा मोठा आहे. पाणकळादादा, तुमचं ट्रेलरचं काम वर्षातून किती भरतं ते एकदा कागदावर मांडून बघा.

---

इंजिनघर

सावलीताईंच्या अनुभवामागचं कारण सांगतो. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधन मोजून-मापून घेतं, धूर जास्त गरम असतो, कॅटॅलिस्ट लवकर तापतो. म्हणून जवळच्या फेऱ्या त्याला झेपतात. उलट भरला ट्रेलर तासन्‌तास ओढताना पेट्रोल इंजिन वरच्या आरपीएमवर राबतं आणि टाकी भराभर उतरते. तिथे डिझेलला तोड नाही. लांबपल्ला यांच्या जागी मी असतो तर डिझेलच घेतली असती.

---

पाणकळा

मधले काही दिवस लिहिलं नाही, कारण नोंद ठेवत होतो. वहीत प्रत्येक फेरी, इंजिन किती वेळ चालू, त्यातलं किती वेळ उभ्याने. मुलाने गाडीच्या संगणकाला जोडायचं ओबीडीचं छोटं यंत्र लावून कूलंटचं तापमानही टिपलं.

चित्र मला वाटत होतं त्याहून फार वेगळं निघालं. बहुतेक फेऱ्यांत इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. आणि चालू वेळेचा मोठा हिस्सा इन्व्हर्टरसाठी उभ्याने जातो. जुन्या गाडीत फिल्टरच नव्हता म्हणून हे कधी जाणवलं नाही. तिने सगळी काजळी बाहेर सोडली. मोकळाश्वास यांनी लिहिलेलं वाचल्यापासून, गाडी घुरघुरत असताना मागे पाईप धरून उभा असलेला आमचा पोऱ्या सारखा डोळ्यांसमोर येतो.

ट्रेलरचे दिवसही मोजले. हंगामात सलग येतात, एरवी नाहीतच.

तर ठरलं ते असं. पेट्रोल पिकअप, चालू मानकाची. जागेवरच्या विजेसाठी वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टरचा संच, म्हणजे वीज हवी म्हणून इंजिन चालू ठेवायची गरजच राहणार नाही. हंगामातल्या ट्रेलरच्या दिवसांसाठी डिझेल गाडी भाड्याने, किंवा तेवढं काम लांबपल्ला यांच्यासारख्या कुणाला वाटून. वडिलांना हे पटायला वेळ लागला, त्यांचा सगळा धंदा डिझेलवर उभा राहिलेला. पण वही दाखवल्यावर त्यांनीच विचारलं, मग पेट्रोलवाली किती ओढते?

इंजिनघर, आता ते सांगा. कॉम्प्रेसर नाही, पण पाईपचा हलका ट्रेलर अधूनमधून लावावाच लागेल.

---

इंजिनघर

जाहिरातीतला आकडा धरू नका. गाडीवरच्या पट्टीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यातून गाडीचं रिकामं वजन, बसणारी माणसं, हौद्यातलं सामान आणि हुकवर येणारा ट्रेलरचा भार वजा करा. हुकवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहावा हिस्सा धरा. बाकी शून्याच्या खाली गेली तर ओढायची क्षमता कितीही लिहिलेली असो, ती तुमच्यासाठी नाही. मागच्या एक्सलची मर्यादा वेगळी तपासा, पाईपवाल्यांचं गणित बहुधा तिथेच चुकतं.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर उत्तम. गिअरबॉक्स ऑइलला कूलर आहे का ते विचारा. आणि सौदा करण्याआधी एकदा तुमचा भरलेला ट्रेलर लावून चढावर चालवून बघा, रिकाम्या गाडीच्या चक्करवर काही ठरवू नका. पट्टीवरचे आकडे इथे टाका, मी मांडून देतो.